वाल्बुर्गाची अर्धी जागा

वाल्बुर्गा एमेरिशला कुणाचंच काही पसंत पडत नसे. आता कास्टेलबाखमध्ये पसंत पडावं असं फार काही आहे अशातला भाग नाही. जर्मनीतल्या मोझेल नदीच्या वळणावर चार गल्ल्या, एक चर्च, वर उतारावर द्राक्षांचे मळे, आणि कुठेही फावडं मारा, रोमन लोकांची खापरं. रोमन कधीचे चालते झाले. गाव अजून त्यांच्या नावावर वाइन विकतंय. दर ऑगस्टात बँकेतला मॅनेजर आणि गावचा खाटीक अंगाला पडद्याचं कापड गुंडाळून, डोक्यावर पत्र्याची टोपडी चढवून नदीकाठाने मिरवतात, आणि बसमधून आलेले पर्यटक टाळ्या पिटतात. वाल्बुर्गा खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "पोटं बघा एकेकाची. या पोटांनी म्हणे जग जिंकलं."

इथपर्यंत तिचं काही चुकत नव्हतं. पण ती इथे थांबणारी बाई नव्हती. तिला बेकरीवालीचे पाव कच्चे लागत, पाद्र्याचं प्रवचन पाणचट लागे, शेजाऱ्याचं कुंपण वाकडं दिसे आणि शेजाऱ्याचं लेकरू त्याहून वाकडं. तिच्या स्वतःच्या दारातला फुटपाथ दर शनिवारी असा झाडलेला असे, की त्यावर पान मांडून जेवायला बसावं. पण तिच्याकडे जेवायला कुणी येत नसे.

तिचं खरं राज्य गावाच्या वर, दफनभूमीत होतं. नवरा अलोइस तिथे होता. अलोइस नदीच्या बंधाऱ्यावर कामाला असे. बोट आली की पाण्याचे दरवाजे उघडायचे, गेली की लावायचे. घरी आल्यावर त्याला तोंड उघडायची फारशी गरज पडत नसे, कारण तिचंच चालू असे. पण माणूस मायेचा. रविवारी बटाट्याची घावनं तोच करायचा, करपलेली स्वतः खायचा आणि चांगली तिच्या ताटात वाढायचा. वाल्बुर्गाने आयुष्यात ज्याला नावं ठेवली नाहीत असा तेवढा एकच इसम. तो गेला तेव्हा तिने दोघांची मिळून जागा घेतली. उजवीकडे तो, डावी अर्धी तिची. दगडावर दोघांची नावं कोरून घेतली, आणि तिच्या नावाखाली जन्माचं साल घालून पुढे कोरं ठेवलं. आमच्याकडे बायका असं करतातच, त्यात कुणाला काही वाटत नाही. वाल्बुर्गाला तर ते कोरं बघून बरं वाटायचं. जगाचा काही भरवसा नाही, पण निदान शेवटी आपण अलोइसच्या शेजारी पडणार, एवढं तरी पक्कं होतं.

रोज सकाळी ती झारी घेऊन वर चढायची आणि आपली कबर आटोपली की बाकीच्यांच्या कबरींची तपासणी सुरू. कुणाच्या पॅन्झीची फुलं सुकली, कुणाचं बेगोनियाचं रोप उशिरा लागलं, कुणाच्या मेणबत्तीचं काजळ पुसलेलं नाही. ज्यांनी आपल्या माणसाची राख कलशात घालून भिंतीतल्या खणात ठेवली, त्यांना ती "कपाटवाले" म्हणायची. पण सगळ्यात जास्त राग तिला हेडविग त्सेन्सचा. दोघी एका वर्गातल्या, एका गल्लीतल्या, आणि दोघींचे नवरे वर समोरासमोर पुरलेले. हेडविगचे गुडघे गेले तेव्हा तिने नवऱ्याच्या कबरीवरची फुलझाडं काढली आणि पांढरी खडी पसरली.

"हेडविगने काय केलंय पाहिलंत?" वाल्बुर्गा बेकरीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "गाडी लावायला जागा केलीय नुसती. नवरा आहे खाली, नवरा!"

"वाकता येत नाही हो तिला," बेकरीवाली म्हणाली. "गुडघे दुखतात."

"तो जिवंत होता तेव्हा नाचताना नव्हते दुखत."

हेडविगशी ती याहून वाईटही वागली होती. त्यासाठी आमच्या गावाची एक रीत सांगायला हवी. घराचा पाया खणताना रोमन भिंत लागली, की इथला शहाणा माणूस एकदा उजवीकडे बघतो, एकदा डावीकडे बघतो आणि दिवस मावळायच्या आत तिच्यावर काँक्रीट ओततो. पुरातत्त्व खात्याला कळलं तर काम बंद. मग खात्याची दाढीवाली पोरं ब्रश घेऊन येतात आणि वर्षानुवर्षं तुमच्या परसात गुडघ्यांवर बसतात. म्हणून कुणी कुणाचं सांगत नाही. ऑगस्टात जे रोमन होऊन मिरवतात, त्यांच्याच तळघरांखाली खरे रोमन सिमेंटमध्ये गाडलेले आहेत. ही आमची थोर परंपरा.

हेडविगची मुलगी उटे नवरा-पोरांसकट आईजवळ राहायला येणार होती. त्यासाठी घरामागे दोन खोल्या बांधायला घेतल्या, आणि खणताना भिंत लागली. जावयाने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, वर बघायचं मात्र राहून गेलं. वर खिडकीत वाल्बुर्गा होती. तिने फोन उचलला. काम थांबलं ते थांबलंच. उटे वाट बघून थकली आणि कोलोन शहरात घर घेऊन मोकळी झाली. हेडविग त्या मोठ्या घरात एकटी राहिली. तिने याबद्दल वाल्बुर्गाला एका शब्दाने विचारलं नाही, रस्त्यात भेटली की नमस्कार तेवढा करायची. वाल्बुर्गा मात्र न विचारता सांगत सुटायची, "कायदा म्हणजे कायदा. मी काही खोटं बोलले का?" खोटं ती बोलली नव्हती, हे खरंच आहे. अशा माणसांना खोटं बोलायची गरजच पडत नाही.

तर एका एप्रिलात काय झालं. थंडीत जमीन गोठते, मग सैल होते, म्हणून हिवाळा सरला की नगरपालिकेचा माणूस येऊन दफनभूमीतला एकेक दगड हाताने ढकलून बघतो. दगड हलला तर त्यावर धोक्याचं पिवळं स्टिकर लागतं. गावात कुणाचं लग्न मोडलं तरी एवढी चर्चा होत नाही. वाल्बुर्गा दरवर्षी त्या दिवशी मुद्दाम वर जायची, दुसऱ्यांची फजिती बघायला. त्या वर्षी माणसाने अलोइसच्या दगडाला हात लावला आणि दगड हलत्या दातासारखा हलला.

"अहो, काय करताय!" वाल्बुर्गा ओरडली. "जोर लावून ढकललात तुम्ही!"

"एका हाताने ढकलला, एमेरिशबाई. सगळ्यांचा ढकलतो तसाच."

"सगळे आणि मी एकच का?"

"दगडाला कुठे माहीत असतं हो, तो कुणाचा आहे ते," असं म्हणत त्याने स्टिकर चिकटवलं.

दुसऱ्याच दिवशी तिने गवंडी बार्त्सेनला वर आणलं. त्याने दगड उतरवून बाजूला ठेवला आणि पाया नव्याने भरण्यासाठी डाव्या अंगाला खणायला घेतलं. कमरेइतकं खाली गेल्यावर फावडं खणकन वाजलं. त्याने हाताने माती सारली. खाली एक रुंद शिळा होती. तिच्यावर झिजलेली अक्षरं, एक पुरुषाचं डोकं, आणि कडेला बोटभर फट. फटीतून गार हवा येत होती.

"रोमन," बार्त्सेन म्हणाला. घरात उंदीर निघाल्यावर म्हणावं तसं.

"केवढा आहे?"

"तुमची अर्धी बाजू पुरती अडवलीय त्याने. पेटी आहे दगडाची. ऐसपैस झोपलाय."

"माझ्या जागेत?"

"आता आधी कोण आलं ते बघितलं तर..."

"गप रे!" वाल्बुर्गा खड्ड्यात बघत राहिली. माणसाला इथे ठरावीक वर्षांची मुदत मिळते, ती संपली की नातेवाइकांनी ती वाढवायची, नाहीतर दगड उचलून टाकतात. आणि या मेल्याला इतकी शतकं कुणी मुदत विचारली नव्हती! "आता काय करायचं?"

"खात्याला कळलं तर जागा गेली म्हणून समजा. खालच्या रांगेत असंच निघालं होतं, आठवतं ना? ती रांग कायमची बंद केली. म्हाताऱ्या क्लासेनला मग दफनभूमीच्या नदीकडच्या हिरवळीत पुरावं लागलं, बायकोपासून लांब. खात्याला कळलं तर हं." बार्त्सेनने कपाळ पुसलं. "माझं म्हणाल तर मला ऊन लागलंय, मला काही दिसत नाहीये."

वाल्बुर्गाने उजवीकडे पाहिलं. मग डावीकडे पाहिलं. आणि तिथे, चार पावलांवर, हातात झारी घेऊन हेडविग उभी होती.

दगडाखाली हात सापडणं म्हणजे काय, ते वाल्बुर्गाला त्या क्षणी कळलं. हेडविग लंगडत पुढे आली. तिने खड्ड्यात डोकावून पाहिलं, शिळा पाहिली, बाजूला उतरवलेला दगड पाहिला. मग तिने वाल्बुर्गाकडे पाहिलं. तिच्या हातात होतं सगळं. एक फोन केला असता तर हिशेब फिटला असता, आणि गावाने तिला केक नेऊन दिला असता.

"बार्त्सेन," हेडविग म्हणाली, "दुपारी नळ बघायला नगरपालिकेचे लोक येणार आहेत. त्याच्या आत आटप बाबा." आणि ती आपल्या खडीवर झारी रिकामी करून निघून गेली. खडीला पाणी कशाला, ते तिलाच ठाऊक.

बार्त्सेनने काँक्रीट ओतलं, दगड परत उभा केला, तो आता जराही हलेना. वाल्बुर्गाची जागा वाचली. दुसरी एखादी असती तर तिने हेडविगच्या दारी जाऊन हात धरले असते, उटेच्या खोल्यांबद्दल माफी मागितली असती, दोघी मिळून रडल्या असत्या. वाल्बुर्गाच्या तोंडून साधं "बरं झालं" निघालं नाही. उलट ती घरी जाऊन विचार करू लागली, की या बाईला हवंय तरी काय.

हेडविगला काहीच नको होतं. पण हे वाल्बुर्गाच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. ती रोज वाट बघू लागली. आज मागेल, उद्या मागेल. हेडविग भेटायची, हवेबद्दल बोलायची, पुढे जायची. सप्टेंबरात हेडविगने प्लमचा केक केला आणि एक मोठा तुकडा रुमालात बांधून वाल्बुर्गाच्या दाराशी ठेवला. वाल्बुर्गाने तो उलटसुलट करून पाहिला, जणू आत काही लपवलं असावं, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. वर म्हणालीच, "तळ कच्चा राहिलाय."

वाईट म्हणजे तिला आता कुणालाच काही बोलता येईना. हेडविगबद्दल बोलायची सोय नव्हती, आणि हेडविगला सोडून बाकीच्यांना नावं ठेवण्यात ती चव नव्हती. बेकरीत एकीने मुद्दाम डिवचलं, "काय वाल्बुर्गा, हल्ली हेडविगच्या खडीचं काही बोलत नाहीस?"

वाल्बुर्गाने पाव पिशवीत कोंबले. "खडी... तशी टिकाऊ असते."

बेकरीत जे हसू फुटलं, ते कितीतरी दिवस गावात फिरत होतं. पोरंसोरंसुद्धा एकमेकांना म्हणू लागली, "टिकाऊ असते हो!" तिला वाटे, हे सगळं हेडविगने घडवून आणलंय. गप्प राहून आपल्याला चिरडतेय बाई.

नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी, सर्व संतांच्या सणाला, सगळं गाव वर जमलं. कबरींवर लाल दिवे, काळे कोट, आणि पाद्री एकेका रांगेतून पवित्र पाणी शिंपडत चाललेला. वाट चिखलाची होती. हेडविगचा पाय घसरला, तिने शेजारी जो हात सापडला तो धरला, आणि तो वाल्बुर्गाचा निघाला. हेडविगने तो लगेच सोडला नाही. पाद्री अलोइसच्या दगडावर पाणी शिंपडत होता. हेडविग तिच्या कानाशी हळूच म्हणाली, "काळजी करू नकोस गं. तुझी जागा कुठे जात नाही." आणि तिने वाल्बुर्गाच्या हातावर थोपटलं.

बस्स, तेवढ्याने घात झाला. शिव्या दिल्या असत्या तर वाल्बुर्गाने चारपट परत केल्या असत्या. धमकी दिली असती तर तिला हायसं वाटलं असतं. पण थोपटलं! त्या खडीवालीने तिची कीव केली! वाल्बुर्गाने आयुष्यभर सगळ्या गावाची कीव केली होती, तिची करण्याची हिंमत कुणाला झाली नव्हती. आता रोज सकाळी समोर ती बाई उभी राहणार, आणि वर आपण मेल्यावरही तिच्याच मेहेरबानीने अलोइसच्या शेजारी पडून राहणार. हे तिला सहन होईना.

सोमवारी तिने चांगला कोट घातला, केस बसवले आणि पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत जाऊन सगळं सांगितलं. शिळा कुठे आहे, केवढी आहे, वर काँक्रीट कुणी ओतलं. बार्त्सेनला दंड होईल हे तिच्या मनातही आलं नाही. तिच्या मनात दुसरंच होतं. एक म्हणजे, हेडविगच्या हातातली दोरी आता कापली गेली. आणि दुसरं, जो आपणहून कायद्याला शरण येतो त्याला कायदा सांभाळून घेतो, अशी तिची पक्की समजूत होती. ते लोक म्हणतील, एमेरिशबाई, तुमच्यासारख्या नागरिकासाठी आम्ही तेवढी जागा सोडतो. असली समजूत आमच्याच लोकांची असू शकते. रांगेत सरळ उभं राहिलं की स्वर्गाचं दारसुद्धा वेळेवर उघडेल, असं यांना वाटतं.

खात्याचा तरुण अधिकारी डॉक्टर लाउफ भलताच खूश झाला. त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. जमीन गोठायच्या आत खणायला सुरुवात झाली. मग एके दिवशी त्याने तिला खड्ड्याशी बोलावून अगदी अदबीने सांगितलं, की शिळेखालच्या भिंती पार उजवीकडे अलोइसच्या कडेपर्यंत गेल्या आहेत. त्याला कुणी हात लावणार नाही. पण त्या जागेत आता नवीन कुणाला पुरता येणार नाही.

"मी कुणी नवीन आहे का?" वाल्बुर्गा म्हणाली. "माझं नाव आहे दगडावर."

"नियमच तसा आहे, बाई."

 मग जे तिने कुणासमोर कधी उच्चारलं नसतं, ते उच्चारलं. "आणि... कलश? छोटा असतो तो. नवऱ्याच्या बाजूला, कोपऱ्यात?"

"कलशसुद्धा नाही. आता तिथे माती हलवायचीच नाही. तुम्हाला नदीकडच्या हिरवळीत देतील ना जागा. छान आहे ती."

ती निघाली तेव्हा दफनभूमीच्या फाटकाशी हेडविग होती. तिला सगळं कळलं होतं. बार्त्सेननेच सांगितलं होतं, शिव्या देत देत.

"का सांगितलंस?" हेडविगने विचारलं.

"कायदा म्हणजे कायदा."

"मी कुणाला सांगणार नव्हते, वाल्बुर्गा."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मला तुझे उपकार नकोत!" वाल्बुर्गाचा आवाज फाटला. "कुणी सांगितलं होतं तुला माझ्यासाठी गप्प बसायला?"

 इतकी वर्षं जे हेडविगने आत दाबून ठेवलं होतं, ते तिच्या तोंडावर पहिल्यांदा वर आलं.

"तुझ्यासाठी?" ती म्हणाली. "तुझ्यासाठी मी खडीचा एक दगड उचलला नसता. मी गप्प बसले ती अलोइससाठी. गरीब माणूस, जन्मभर तुझ्यासाठी करपलेलं खाल्लं त्याने. म्हटलं, निदान त्याला सोबत असू दे. आता वाटतं, बरंच झालं. सुटला बिचारा."

आणि ती फाटक लोटून, गुडघे सांभाळत उताराला लागली.

वाल्बुर्गा तिथेच उभी राहिली.  सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण तिचा पीळही त्या फाटकाशी सुटला. तिला अलोइस हवा होता. बाकी काही नको होतं, खरं तर कधीच नको होतं. नियम नको, गाव नको, बरोबर ठरायला नको. फक्त त्याच्या डाव्या हाताला पडायचं होतं, आणि ती जागा तिने स्वतःच्या पायांनी चालत जाऊन देऊन टाकली होती.

ती परत वर चढली. खड्ड्यावर ताडपत्रीचा मांडव घातला होता, आणि आत डॉक्टर लाउफ पोटावर पालथा पडून शिळेवरच्या त्या पुरुषाच्या नाकातली माती फुंकत होता. वाल्बुर्गा खड्ड्याच्या काठाशी जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर," ती म्हणाली. आवाज इतका लहान होता की तो तिचा वाटेना. "तिथे मी झोपायची आहे हो."

"हो का?" लाउफ वर न बघता म्हणाला. "एमेरिशबाई, जरा बाजूला होता का? उजेड अडतोय."

ती बाजूला झाली.